तोंडाला मानवेल अशी पेस्ट

टूथपेस्ट विकत घेताना आपण खोक्यावरचं वाचतो. कीड, हिरड्या, शुभ्रता, मीठ, लवंग, कडुनिंब. पण ती ट्यूब शेवटपर्यंत पिळली जाते की आठ दिवसांत बेसिनच्या कोपऱ्यात सरकवली जाते, हे ठरतं ती तोंडात कशी लागते त्यावर. दाट की पातळ, रवाळ की बुळबुळीत, फेस किती, झोंबते किती. दिवसातला पहिला स्पर्श आणि पहिली चव तिचीच. चहाचा नंबरसुद्धा नंतरचा. तरी या आवडीनिवडीबद्दल घरात कुणी बोलत नाही. मुलाने कुरकुर केली तर ती नाटकं, म्हाताऱ्या माणसाने केली तर तो हट्ट. मला हे दोन्ही शब्द खटकतात.

माझ्या सासूबाईंनी जन्मभर मंजन लावलं. माहेरी साताऱ्याकडे राखुंडी, मग माकड छाप काळी पावडर, आणि लग्नानंतर मुंबईत विको वज्रदंतीची तपकिरी पावडर. विको हे मुंबईतलंच मराठी घर, केशव पेंढरकरांनी 1952 साली सुरू केलेलं, त्यामुळे त्या डब्याला आमच्याकडे मान होता. सासूबाईंची रीत ठरलेली. डाव्या तळहातावर चिमूटभर पावडर, उजव्या हाताचं पहिलं बोट ओलं करून त्यात टेकवायचं. आधी समोरचे दात, मग गालाच्या आतून थेट शेवटच्या दाढेपर्यंत, मग हिरड्या, सर्वांत शेवटी अंगठ्याने टाळू. हिरडी कुठे सुजली आहे, कुठला दात हलतो आहे, हे त्यांना बोटानेच कळायचं, आणि तिथे बोट आपोआप हलकं व्हायचं. चूळ भरल्यावर तोंड तुरटपणाने आवळलेलं राहायचं. त्यांच्या लेखी तोंड स्वच्छ झालं म्हणजे हे आवळलेपण.

पुढे त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. रुग्णालयात सकाळच्या घाईत मावशी ब्रशवर बोटभर पेस्ट घेऊन यायच्या. पाठीशी उशा लावून जेमतेम बसवलेल्या बाईच्या तोंडात फेस वाढत जायचा, तो धड थुंकता यायचा नाही, गिळवायचा तर नाहीच. तिसऱ्या दातापर्यंत ब्रश गेला की त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. ‘‘अगं, तोंडात साबण घातल्यासारखं होतंय,’’ त्या मला म्हणाल्या. तिथल्या कागदावर मात्र त्या सहकार्य करत नाहीत, अशी नोंद झाली. ती वाचून मला फार वाईट वाटलं. ज्या बाईने एकही सकाळ दात न घासता काढली नव्हती, तिच्याबद्दल हे लिहिलं होतं.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. बहुतेक पेस्टमध्ये फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट असतं, आणि तेच शाम्पूतही असतं. पेस्ट तोंडभर पसरायला त्याची मदत होते. पण दातांवरचा थर निघतो तो ब्रशच्या केसांनी, आणि किडीला रोखतं ते फ्लोराइड. फेस आला नाही म्हणून दात कमी स्वच्छ झाले, असं नसतं. ब्रश केल्यावर लगेच संत्र्याचा रस प्यायला तर तो कडू लागतो, तो प्रतापही या फेसाच्या द्रव्याचाच. जिभेची गोडाची जाण ते दाबतं आणि कडवटपणा मोकळा सोडतं. काहीजणांना त्याने तोंडात फोड येतात, असलेले चिघळतात. त्यात म्हातारपण. रक्तदाबाच्या आणि इतरही कित्येक औषधांनी लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं, आणि तरुण माणसाला ताजंतवानं करणारा पुदिना कोरड्या तोंडाला आगीसारखा लागतो.

आमच्या दातांच्या डॉक्टरांनी कमी फेसाची, सौम्य चवीची पेस्ट दिली, अगदी मऊ केसांचा ब्रश आणि मसुराच्या दाण्याएवढीच पेस्ट. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ती आधी बोटावर घेतली, अंगठ्याशी चोळून पाहिली. ‘‘ही मऊ आहे,’’ एवढंच म्हणाल्या आणि तोंड उघडलं.

मंजनाला मात्र डॉक्टरांनी साफ नकार दिला, आणि तो मला पटला. त्यांनी आरशात सासूबाईंच्या दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला पडलेल्या खाचा दाखवल्या. दाताच्या मानेपाशी वरचं टणक आवरण पातळ असतं. वर्षानुवर्षं भरड पूड जोराने घासली की ते झिजतं आणि आतला मऊ भाग उघडा पडतो. त्या भागात सूक्ष्म नळ्या असतात, त्यांतला द्रव गार पाण्याने हलतो आणि कळ थेट डोक्यात जाते. पेस्ट किती खरवडते हे मोजण्याची एक मोजपट्टी असते आणि तिची वरची मर्यादा 250 मानली जाते. राखुंडी आणि विटेची पूड असल्या कसल्याच मोजपट्टीत बसत नाहीत. मिश्रीची गोष्ट तर आणखी दुखरी. तव्यावर काळी पडेपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ती पूड. आपल्याकडच्या कितीतरी बायकांची सकाळ तिच्याशिवाय होत नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कुणाची बंदी चालणार? म्हणून तोंडाला जे हवंसं वाटतं ते सगळंच त्याला द्यावं, असं मी म्हणत नाही. काय हवंसं वाटतं ते आधी विचारावं, एवढंच म्हणते.

कारण त्या हवंसं वाटण्यामागे बरीच कारागिरी आहे. पेस्ट दाबल्याशिवाय ट्यूबमधून वाहत नाही आणि ब्रशवर ठेवली की पसरत नाही. हे साधतं त्यात घातलेल्या डिंकासारख्या द्रव्यांमुळे. ग्लिसरीन आणि सॉर्बिटॉल तिला ओलसर ठेवतात, ट्यूबचं तोंड उघडं राहिलं तरी ती लगेच वाळत नाही. पांढऱ्या, खडूच्या पेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट असतं. ती दाट, जराशी पिठूळ लागते. पारदर्शक जेलमध्ये त्याऐवजी सिलिका असते, जिच्यातून उजेड आजूबाजूच्या द्रवासारखाच जातो म्हणून ती दिसत नाही. तिचा स्पर्श गुळगुळीत. माझ्या नवऱ्याला जेल लावलं की काही लावल्यासारखंच वाटत नाही, त्याला ती पिठूळ पकड लागते. मला उलट खडूचा थर गालाच्या आत राहिल्यासारखा वाटतो. आमच्या बेसिनवर दोन ट्यूब असतात.

भाच्याचं आणखी वेगळं. तो पुदिन्याची पेस्ट तोंडात घेतली की डोळ्यांत पाणी आणतो. ‘‘मावशी, जळतंय,’’ म्हणतो, आणि मोठी माणसं म्हणतात, अरे, गार तर आहे! पण गारवा त्या पेस्टमध्ये नसतोच. गारवा ओळखणारी एक यंत्रणा आपल्या चेतातंतूंवर असते आणि मेंथॉल तिलाच चेतवतं. तोंडाचं तापमान तेवढंच राहतं, मेंदूला मात्र थंडीची वर्दी जाते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी 2002 च्या सुमारास मेंथॉल वापरूनच ती यंत्रणा शोधली, आणि 2021 चं नोबेल त्यांना मिळालं ते तापमान आणि स्पर्श या दोहोंच्या संवेदना उलगडल्याबद्दल. ही वर्दी कुणाला हवीशी वाटते, कुणाला असह्य होते. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, चव, फेस आणि ब्रशचे केस हे तिन्ही एकदम सोसत नाहीत. त्यांना रोज धरून, डोकं दाबून दात घासणारे आईबाप मी पाहिले आहेत. जीव तुटत असतो त्यांचा, पण दुसरं काही असू शकतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. बिनचवीची, बिनफेसाची पेस्ट मिळते. ती शोधावी लागते, आणि जरा महाग पडते.

आपल्या देशात पेस्टमधल्या फ्लोराइडला 1000 पीपीएमची मर्यादा आहे आणि त्याचं प्रमाण ट्यूबवर छापलेलं असतं. वजन असतं, किंमत असते, मुदत असते. त्याच ओळीत फेस येतो की नाही, पुदिना सौम्य आहे की तीव्र, पेस्ट खरवडते किती, हेही छापलं तर फारशी जागा जाणार नाही. आणि रुग्णालयात भरती करताना जेवण शाकाहारी की मांसाहारी, असं विचारतात, त्याच वेळी आजींना घरी दात कशाने घासता, हेही विचारून कागदावर लिहून घेता येईल. त्याला एक मिनिटसुद्धा लागणार नाही.