अंतर कुणी ठरवायचं?

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवसांची सुट्टी मंजूर झाली आणि त्याच रात्री मी स्प्रेडशीट उघडली. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला सहलसुद्धा रकान्यांतच सुचते. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर, मग हरिहरेश्वर, बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवून वेसवी, पुढे वेळास आणि शेवटी आंजर्ले. उभे रकाने चार: भरतीची वेळ, उजेडाची दिशा, मुक्काम, लेन्स.

यात भरतीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखले, कोरल त्यावर लांबवर पसरून चरत असतात. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे काल जमलेलं गणित आज चालत नाही.

शीट मित्राला पाठवली. त्याचं उत्तर आलं, "मस्त! आणि ती मागच्या वर्षीची टिटवी? तिचा पिन टाक ना. मे महिन्यात मी एकटाच जाऊन येईन."

मी टाइप करायला लागलो आणि थांबलो.

तो फोटो माझा सगळ्यात जास्त लाइक मिळालेला फोटो आहे. मे महिना, सकाळचे अकरा, खाडीजवळचं आटत चाललेलं तळं. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते. चार अंडी होती. मी दहा फुटांवर बसलो, आणि ती पंख पसरून, चोच उघडी ठेवून माझ्यासमोर नाचल्यासारखी करत होती. वीस मिनिटं मी शटर दाबत राहिलो. खाली लिहिलं, 'काय पोज दिली आहे बाईंनी!'

ती पोज नव्हती, हे मला नंतर वाचून कळलं. पक्षी अंड्यांवर ऊब द्यायला बसतात एवढंच मला माहीत होतं. पण भर उन्हाळ्यात टिटवी सावली धरायलाही बसते. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि त्या ओलाव्याने अंडी गार ठेवते. ती वीस मिनिटं अंडी उन्हात होती. टिटवी ओरडली की आपल्याकडे अपशकुन मानतात. त्या दिवशी अपशकुन मी होतो. त्या अंड्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण फोटो मिळाल्यावर मी निघून गेलो.

'मी एकटाच' हे मित्राचं म्हणणं खरं आहे. प्रत्येक जण एकटाच येतो. एका रिक्वेस्टने सर्व्हर कधीच पडत नाही. पडतो तो हजारो निरुपद्रवी रिक्वेस्ट एकदम आल्यावर. तेव्हा दोष कुठल्या रिक्वेस्टचा, हे सांगता येत नाही. म्हणून आम्ही सर्व्हरवर मर्यादा घालतो. टिटवीला तशी मर्यादा घालता येत नाही. ती फक्त उडते आणि ओरडते.

कुणी म्हणेल, टिटवी काही दुर्मीळ नाही. खरं आहे. 'ईबर्ड'सारखं अ‍ॅप काही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा लपवतं, पण टिटवीसारख्या रोजच्या पक्ष्याचं काय? दुर्मीळ असणं हा प्रजातीचा हिशेब झाला. उन्हात पडलेल्या चार अंड्यांना देशात टिटव्या किती आहेत याचा काय उपयोग?

मग पिन कुणालाच द्यायचा नाही? हे म्हणणंही मला पटत नाही. मला पहिला रोहित पक्ष्यांचा थवा दिसला तो कुणीतरी जागा सांगितली म्हणून. आपण वर चढून शिडी ओढून घ्यायची, याला निसर्गप्रेम म्हणता येणार नाही. शिवाय माणसं आल्याने नुकसानच होतं असंही नाही. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. आज पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा लांबून आलेली माणसं दोरीमागे उभी राहून बघतात, गावातल्याच घरांत जेवतात, राहतात. कासव जगण्यात आता गावाचाही फायदा आहे. तिथे बघणाऱ्यांनी नुकसान केलं नाही, कारण अंतर त्यांनी ठरवलं नाही. ते दोरीने ठरवलं.

तळ्यावर दोरी नव्हती. अंतर मी ठरवलं, माझ्या फ्रेमच्या सोयीने.

प्रश्न पिनचा नाहीच, या अंतराचा आहे. आणि खाडीवर त्याचं उत्तर भरतीच देते. पाणी चढायच्या दोनेक तास आधी जाऊन काठावर गप्प बसलं, तर पक्षी स्वतःहून जवळ येतात. किती जवळ, ते त्यांचं ते ठरवतात. कधी पंधरा फुटांवर येतात, कधी येतच नाहीत. मग रिकाम्या कार्डाने परत यायचं. चार दिवसांची सुट्टी, पेट्रोल, हप्त्यावर घेतलेली लेन्स, हे सगळं त्यांच्यावर कर्ज नाही.

शीटमध्ये मी पाचवा रकाना जोडला: 'त्या वेळी पक्षी काय करत असेल?' चरत असेल तर बसून राहायचं. दमून विसावला असेल तर लांबूनच. अंड्यांवर असेल तर गाडी थांबवायची नाही.

मित्राला मी आंजर्ल्याच्या खाडीचा पिन पाठवला, भरतीच्या वेळेसकट. टिटवीचा नाही पाठवला. त्याने विचारलं, "का रे?" तेव्हा त्याला तो फोटो पुन्हा बघायला सांगितला, खाली लिहिलेली ओळ न वाचता.