शुद्धीत असतानाच

इंग्लंडमधील रीडिंग आणि त्याला लागून असलेल्या अर्ली, वोकिंगम या भागांत संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी जो एक समज घरूनच सोबत आणलेला असतो, तो असा की माणूस अत्यवस्थ झाल्यावर पुढचे काय ते बायको-मुले मिळून ठरवतील. हा समज तेथील कायद्यापुढे टिकत नाही. इंग्लंड व वेल्सला लागू असलेला ‘मेंटल कपॅसिटी ॲक्ट, 2005’ सज्ञान व्यक्तीच्या वतीने उपचारांना संमती वा नकार देण्याचा अधिकार केवळ नात्याच्या जोरावर कोणालाही देत नाही. निर्णयक्षमता, म्हणजे माहिती समजून घेऊन, ती लक्षात ठेवून, तिचा सारासार विचार करून आपला कौल कळवण्याची शक्ती, लोपली की डॉक्टर रुग्णाचे हित पाहून निर्णय घेतात, आणि शक्य तेथवर आप्तांना विचारणे त्यांच्यावर बंधनकारक असले, तरी अखेरचा शब्द आप्तांचा नसतो.

तो तसा असावा, अशी इच्छा असल्यास आरोग्यविषयक ‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’ हे मुखत्यारपत्र शुद्धीत असतानाच करून ‘ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियन’कडे नोंदवावे लागते. घर-पैशांसाठीचे मुखत्यारपत्र वेगळे असून ते येथे उपयोगी पडत नाही, आणि प्राण टिकवणाऱ्या उपचारांचा अधिकार तर आरोग्याच्या मुखत्यारपत्रातही निराळा नमूद करावा लागतो. याहून वेगळा दस्तऐवज म्हणजे विशिष्ट उपचार आगाऊ नाकारणारा ‘ॲडव्हान्स डिसिजन’: जीवरक्षक उपचार नाकारायचे असतील, तर तो लेखी, स्वाक्षरी केलेला व साक्षांकित असावा लागतो, आणि जीव धोक्यात आला तरी नकार कायम आहे, असे त्यात स्पष्ट लिहावे लागते. मात्र अमुक उपचार कराच, अशी मागणी त्याद्वारे करता येत नाही.

मराठी घरांच्या दृष्टीने खरे मोल आहे ते तिसऱ्या, कायद्याने बंधनकारक नसलेल्या, पण हिताचा विचार करताना दुर्लक्षिता न येणाऱ्या इच्छापत्रकाचे. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली इंग्रजी आधी निसटून मराठीच उरल्याचे अनेकदा आढळते. अशा आजीच्या नावापुढे शुश्रूषागृहात नुसते ‘शाकाहारी’ लिहिलेले असले, तर तिच्या ताटात अंडे येणारच नाही याची हमी नसते, आणि तिला हवा असलेला मऊ भात-मेतकूट कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. कोणत्या भाषेत बोलावे, अंगाला हात कोणी लावावा, शेवटी तोंडात तुळशीपत्र ठेवावे की नको (नको म्हणणारेही असतातच), हे लिहून ठेवायला वकील लागत नाही.

रुग्णाच्या वतीने बोलायचे कोणी, हा पेच महाराष्ट्रालाही नवा नाही. 1973 मध्ये हल्ल्यात मेंदूला इजा होऊन मुंबईच्या केईएम रुग्णालयात पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यासाठी पत्रकार पिंकी विराणी यांनी दयामरण मिळावे म्हणून केलेला अर्ज 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा मान अर्जदाराऐवजी वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. सेवेला दिलेले हे वजन आजही पुरेसे चर्चिले गेलेले नाही. 2018 मध्ये त्याच न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. परंतु दंडाधिकाऱ्यासमोर स्वाक्षरी करण्याची अट इतकी जाचक होती की 2023 मध्ये ती शिथिल करून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे ठरवले गेले.

रीडिंगकरांची खरी अडचण दुहेरी आहे. वृद्ध आईवडिलांना कायमचे बोलावून घेण्याचे नियम ब्रिटनने 2012 मध्ये अतिशय कडक केल्यामुळे बहुतेकांचे पालक पुण्यात वा नाशकातच राहतात, आणि इंग्लंडमध्ये नोंदवलेल्या मुखत्यारपत्रावर भारतातील अतिदक्षता विभागात विसंबता येत नाही. पालकांचे वैद्यकीय इच्छापत्र भारतीय रीतीनेच व्हायला हवे. त्यात आपल्या वतीने निर्णय देणारे एकाहून अधिक जण नेमता येत असल्याने परदेशातील मुलाच्या जोडीला त्याच शहरातील भाची वा शेजारी नेमणे शहाणपणाचे, कारण मध्यरात्री डॉक्टरांना समोर बसून बोलणारे माणूस लागते, आणि हीथ्रोहून निघालेला मुलगा तेव्हा अजून विमानात असतो.