रांगेतली शेवटची शाळा

समजा, दोन वर्गखोल्या बांधता येतील एवढाच निधी तुमच्या हातात आहे आणि मागणी दोन शाळांची आहे. पहिली शाळा रावेर तालुक्याच्या केळीपट्ट्यातल्या मोठ्या गावची. पट २२०, दोन वर्ग व्हरांड्यात भरतात. दुसरी सातपुड्याच्या पायथ्याशी, पालच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या पाड्यावरची. पट २२, खोली एकच, आणि पावसाळ्यात तिचे पत्रे गळतात. दोन्ही शाळा काल्पनिक आहेत, पण आमच्या तालुक्यातल्या कुणालाही त्या ओळखीच्या वाटतील. निधी कुणाला द्याल?

बहुतेकांचं उत्तर पहिली शाळा असेल, आणि त्यात चूक काही नाही. पैसा थोडा असेल तर तो जास्तीत जास्त मुलांच्या कामी यावा, हा साधा हिशेब आहे. पुढच्या वर्षी पुन्हा निधी येतो, पुन्हा दोन शाळा समोर असतात. या वेळची पहिली वेगळ्या गावची असते, दुसरी मात्र तीच. दरवर्षीचा निर्णय एकेकटा पाहिला तर बरोबर असतो. दहा वर्षांचे निर्णय एकत्र पाहिले की अन्याय दिसतो.

शिवाय पट ही आकाशातून पडलेली संख्या नाही. खोली गळते म्हणून ज्यांना जमतं ते पालक मुलांना दुसरीकडे घालतात. पट घटतो, म्हणून शाळा यादीत आणखी खाली जाते. म्हणजे आधी दुर्लक्ष करायचं आणि मग त्या दुर्लक्षाचा परिणाम पुढच्या दुर्लक्षाचं कारण म्हणून दाखवायचा.

सरकारी निकषांमध्येही हे दिसतं. समग्र शिक्षा योजनेत संयुक्त शाळा अनुदान पटानुसार मिळतं: ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०१ ते २५० असेल तर ५०,०००. दर मुलामागे पाहिलं तर छोटी शाळा फायद्यात आहे. पण छप्पर मुलं मोजून गळत नाही, आणि १०,००० रुपयांत खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं बसवायचं असतं. २०२२ साली आलेल्या पीएम श्री योजनेत देशभरातल्या १४,५०० हून अधिक शाळा आदर्श करायच्या आहेत. तिथे शाळांनी स्पर्धेत उतरायचं, आणि उतरण्यासाठी इमारत आधीच चांगल्या स्थितीत हवी. आदर्श शाळा दाखवायच्या असतील तर ही अट समजण्यासारखी आहे. पण गळक्या छपराच्या शाळेला स्पर्धेत उतरायलाच मिळत नाही.

आम्हाला इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीम शिकवताना एक दंतकथा हमखास सांगतात. एमआयटीमधला आयबीएम ७०९४ संगणक १९७३ मध्ये बंद केला, तेव्हा त्यात १९६७ साली दिलेलं एक काम सापडलं. प्राधान्य कमी असल्यामुळे ते कधी सुरूच झालं नव्हतं. खरंखोटं कुणास ठाऊक. पण याला स्टार्व्हेशन म्हणतात, म्हणजे उपासमार. त्यावरचा उपायही पाठ्यपुस्तकात आहे: एजिंग. काम जितका काळ थांबलं, तितकं त्याचं प्राधान्य आपोआप वाढवत न्यायचं. मग कितीही क्षुल्लक कामाचा नंबर कधी ना कधी लागतोच.

मला हा नुसता तांत्रिक उपाय वाटत नाही. थांबणं हाही एक हक्क आहे, असं तो सांगतो. संगणकातलं काम सहा वर्षं थांबलं तरी बिघडत नाही. पहिलीत आलेलं मूल तेवढ्या काळात पाचवी संपवून निघून जातं. त्याच्यासाठी उशिरा आलेली खोली म्हणजे न आलेली खोली.

काही गोष्टी तर रांगेत लावायच्याच नसतात. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या सरकारी शाळेत सात. जीवघेणं छत हे पटाच्या तराजूत घालायचं नाही, ते आधी उतरवायचं. प्राधान्याचा वाद त्यानंतर.

कुणी म्हणेल, एवढ्या छोट्या शाळेवर खर्च कशाला, मुलांना मोठ्या शाळेत न्या. काही ठिकाणी ते योग्यही असेल. पण आपल्याकडच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत हवी. ओढ्यापलीकडच्या सहा वर्षांच्या मुलीला रोज कोण नेऊन सोडणार, याचं उत्तर आधी द्यायला हवं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी हे सगळं तीन वर्षांत पुरवायचं होतं. ती मुदत कधीच संपली, आणि कायद्यात पटाची सवलत नव्हती.

खानदेशात वरण-बट्टीची पंगत बसते तेव्हा शेवटच्या पंगतीला वांग्याची भाजी उरेल ना, हे वाढणारा आधीच बघतो. त्यासाठी कायदा लागत नाही, मागे किती माणसं थांबलीत हे दिसावं लागतं. शाळांच्या यादीतही एवढंच हवं: पट आणि धोका यांच्या शेजारी ‘किती वर्षं थांबली’ हा एक रकाना, आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. म्हणजे पाड्यावरच्या आईबापांना आपला नंबर वाचता येईल, आणि तो पुढच्या वर्षी मागे गेला तर का गेला, हे विचारता येईल.