घास भरवणारा हात

आईला रुग्णालयातून घरी आणल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं, की ती ताटातलं निम्मंच जेवते. उजव्या बाजूची भाजी, आमटी संपलेली असायची आणि डाव्या बाजूची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच पडून असायची. आम्हाला वाटलं, तोंडाला चव नसेल. पण जिनं आयुष्यभर आम्हाला आग्रह करकरून कोशिंबीर वाढली, तिला ती नकोशी कशी होईल? व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. डावीकडचं उजवीकडे आलं आणि आईनं चटणीला बोट लावलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "ही कधी वाढलीस?"

तिच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, आणि त्यांच्याबरोबर डावीकडचं जगच तिच्या ध्यानातून उतरलं. आपल्याकडे या आजाराला 'अंगावरून वारं गेलं' असं म्हणतात. वारं आलं आणि गेलं, म्हणजे जे व्हायचं ते होऊन चुकलं, असा त्या शब्दांचा भास आहे. खरं काम मात्र वारं गेल्यानंतरच सुरू होतं.

मी तोवर आईच्या उजव्या बाजूला बसत असे. तिला मी दिसावी, मान वळवायचे कष्ट पडू नयेत, म्हणून. बाईंनी मला उठवून डावीकडे बसवलं. "त्यांना तुमच्याकडे वळून बघू दे," म्हणाल्या. आई मला शोधत होती, मी हाताच्या अंतरावर होते आणि तिला सापडत नव्हते. तो मिनिटभराचा वेळ मला क्रूर वाटला. त्या मिनिटाबद्दल मी पुढे खूप विचार केला. पक्षाघातातून उठण्याचा सगळा प्रश्न त्या मिनिटात आहे, असं मला आज वाटतं.

या आजारात वेळेला किती मोल आहे, हे आता पुष्कळांना ठाऊक झालं आहे. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, जीभ अडखळली, की तडक रुग्णालय गाठायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. अमेरिकेतले मेंदुविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता, की मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. हे पहिलं घड्याळ डॉक्टरांच्या हाती असतं. ते थांबलं की दुसरं सुरू होतं, महिन्यांचं आणि वर्षांचं, आणि ते आपल्या घरच्या भिंतीवर असतं. त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. घरी जाताना हाती पडणाऱ्या कागदावर गोळ्यांची लांबलचक यादी असते आणि तळाशी एक ओळ: फिजिओथेरपी चालू ठेवा.

मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. मग हातपाय परत येतात ते कसे? सुरुवातीला मेंदूची सूज उतरते, नुसत्या बधिर झालेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात. म्हणून पहिल्या तीनेक महिन्यांत सुधारणा झपाट्यानं होते. त्यापुढची सुधारणा वेगळ्या वाटेनं येते. मेंदूचे शाबूत भाग गेलेल्या भागाचं काम हळूहळू शिकून घेतात. पण ते आपण होऊन शिकत नाहीत. संशोधक रँडॉल्फ नूडो यांनी १९९६ मध्ये माकडांवरच्या प्रयोगात दाखवलं, की बोटं हलवणाऱ्या भागाला छोटी इजा झाल्यावर त्या हाताला काम दिलं नाही, तर इजेच्या शेजारची, बोटांच्या वाट्याची धडधाकट जागाही हातची जाते. उलट छोट्याशा खळग्यातून खाऊ उचलायचा सराव रोज करून घेतला, तर ती जागा टिकते, काही वेळा वाढतेही. कूळकायद्याच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेली घोषणा मेंदूलाही लागू आहे: कसेल त्याची जमीन.

आता प्रश्न असा, की आपल्या घरात ही जमीन कसतं कोण?

आजारी माणसाची सेवा करणं आपल्याला शिकवावं लागत नाही. पण या आजारात मायेची पहिली धाव बहुतेक वेळा चुकीच्या दिशेला जाते. माणूस कोसळला, की आपण आधी त्याच्या तोंडाशी पाण्याचा पेला नेतो. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असले, तर तेच पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनियाचं निमित्त होतं. पलंगावरून उठवायचं म्हणून आपण लुळा हात धरून वर ओढतो. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा निसटू लागतो आणि पुढे दुखऱ्या खांद्यामुळे व्यायामच बंद पडतो. तेल लावून हातपाय चोळतो. त्यानं बरं वाटतं, त्वचा आणि सांधे मऊ राहतात. पण आपण हलवलेला हात आणि त्यानं स्वतः हलवलेला हात यांत मेंदूच्या लेखी फार मोठं अंतर आहे. आणि मग आपण घास भरवतो. रोज, दोन वेळा, प्रेमानं.

या घास भरवण्याचा अर्थ मला एडवर्ड टाउब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं काम वाचताना कळला. त्यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या होत्या. माकडांनी तो हात वापरणं सोडलं. तो हात आता निकामीच झाला, असा तोवरचा समज होता. टाउब यांनी चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा माकडं तो 'निकामी' हात वापरू लागली. म्हणजे हलवण्याची क्षमता होती. सुरुवातीच्या काळात प्रत्येक प्रयत्न फसत गेला म्हणून हात न वापरण्याची सवय जडली होती आणि क्षमता परतल्यावरही ती सुटली नव्हती. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून १९८१ मध्ये अमेरिकेत मोठं प्रकरण झालं, खटला चालला. या ज्ञानाची किंमत त्या मुक्या जीवांनी मोजली आहे, हे विसरू नये.

त्यातून माणसांसाठी एक उपचार उभा राहिला. चांगल्या हाताला जाड मोजा घालायचा, जागेपणीचा बहुतेक वेळ तो काढायचा नाही आणि अधू हाताकडून तासन् तास काम करून घ्यायचं. अमेरिकेत २२२ रुग्णांवर याची चाचणी झाली आणि २००६ मध्ये निष्कर्ष आले. दोन आठवड्यांच्या या कष्टांचा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. या रुग्णांना पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले होते. म्हणून 'सहा महिन्यांत जे येईल ते येईल' हे वाक्य निकालासारखं ऐकू नये. मात्र हा उपचार सर्वांसाठी नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी हलत असावी लागतात.

माकडाला हात न वापरण्याची सवय फसलेल्या प्रयत्नांनी लागली. आपल्या माणसाला ती आपल्या मायेनं लागते. त्याचा प्रयत्न फसायच्या आतच आपला हात पुढे होतो.

मग आपण कठोर व्हायचं का? मुळीच नाही. रुग्ण 'आळस करतो', 'मनावर घेत नाही' असं म्हणणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक-तृतीयांश माणसांना नैराश्य गाठतं. मेंदूला झालेल्या इजेमुळेही अकारण रडू येतं, अंग सतत शिणलेलं राहतं. आणि जास्त तेच चांगलं, असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पुढाकार घेतलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णांना वारंवार आणि भरपूर उठवलं-चालवलं, तर त्यांची सुधारणा नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमीच दिसली. किती, कधी आणि कसं, हे शिकलेल्या माणसानं ठरवायचं असतं.

इथेच आपल्या देशाला झोंबणारी एक गोष्ट आहे. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट कमी, रुग्ण फार. म्हणून घरच्यांनाच शिकवावं, असा विचार पुढे आला. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवर हा प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. सहा महिन्यांनी पाहिलं, तर घरच्यांना शिकवलेल्या गटात आणि नेहमीच्या उपचाराच्या गटात फरक नव्हता. दोन्हीकडे जवळजवळ निम्मी माणसं दगावली होती किंवा परावलंबी राहिली होती. ज्या घरांनी रात्रंदिवस एक केले, त्यांना हा निकाल ऐकून काय वाटेल? मी त्यातून एवढंच घेते, की कुटुंबाचं प्रेम ही शिकलेल्या हातांची स्वस्त बदली नव्हे. सरावाचं माप फार मोठं असतं. अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांमध्ये निरीक्षण केलं, तेव्हा व्यायामाच्या एका बैठकीत हातानं कामाच्या हालचाली सरासरी ३२ वेळाच होताना दिसल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्या दिवसाला शेकड्यांनी होतात. जिथे साधनांची वाण नाही तिथे ही गत, तर तालुक्याच्या गावी, जिथे फिजिओथेरपिस्टकडे जायला रिक्षा आणि बुडालेली मजुरी दोन्ही मोजावी लागतात, तिथे काय होत असेल?

आणि 'कुटुंब' म्हणजे कोण? बहुतेक घरांत बायको, सून किंवा मुलगी. भावानं पैसे पाठवले, मी नोकरीतून रजा घेतली. मला रजा मिळाली. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला कोण देणार? रुग्णाला शर्टाचं एक बटण स्वतः लावू द्यायचं, तर शेजारी कुणीतरी दहा मिनिटं हात आवरून बसायला हवं. ज्या घरात नळाचं पाणी, शाळेचा डबा आणि लोकल एकाच तासात गाठायची असते, तिथे बटण लावून देणं हा आळस नसतो, ती अडचण असते. म्हणून पुनर्वसनाची केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत हवीत, घरी येणारे थेरपिस्ट सरकारी व्यवस्थेत हवेत, सांभाळ करणाऱ्या माणसाला हक्काची रजा हवी. गुठळी काढायला जेवढा पैसा उभा राहतो, त्याचा काही हिस्सा त्या दहा मिनिटांसाठीही ठेवायला हवा.

या कामाची एक परंपरा आपल्याच घरची आहे. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू झालं, ते कमलाबाई निंबकर यांच्या धडपडीतून. मूळच्या अमेरिकेच्या एलिझाबेथ लंडी लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणचे शेतीशास्त्रज्ञ बनबिहारी निंबकर त्यांचे चिरंजीव. कमलाबाईंनी आणलेल्या या शास्त्राचा गाभा साधा आहे: माणूस कामातून बरा होतो, आणि ते काम त्याचं स्वतःचं असावं लागतं.

आईला रबरी चेंडू दाबायचा कंटाळा यायचा. दहा वेळा दाबला, की ती हात मांडीवर टाकून द्यायची. एक दिवस बाईंनी तिच्यापुढे मटारच्या शेंगांची परात ठेवली. मटार सोलायला डावा हात लागतोच. शेंग धरायची त्यानं. शेंगा निसटत होत्या, दाणे घरभर पळत होते. तासाभरात जेमतेम वाटीभर दाणे निघाले. तेवढ्या वेळात डाव्या मुठीनं किती वेळा शेंग धरली-सोडली असेल, हे कुणी मोजलं नाही. तिनंही नाही, कारण ती व्यायाम करतच नव्हती. ती संध्याकाळच्या उसळीची तयारी करत होती.

रुग्ण किती स्वावलंबी झाला, हे मोजायला डॉक्टर १९६५ पासून बार्थेल निर्देशांक वापरतात. जेवण, अंघोळ, कपडे, जिना अशा दहा बाबी आणि शंभर गुण. ते मोजमाप उपयोगी आहे. पण त्यात मांडी घालून पंगतीला बसणं नाही, पाटावरून उठणं नाही, आणि दुसऱ्याला वाढणं तर नाहीच. स्वतः जेवता येण्याचे गुण आहेत, दुसऱ्याला जेवू घालण्याचे नाहीत. आईसारख्या बाईला मात्र तेच हवं असतं. शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांचंही तसंच. त्यांना १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पक्षाघात झाला. डाव्या अंगाचा अधूपणा जन्मभर राहिला. रेबीजवरची लस त्यांनी १८८५ मध्ये दिली ती त्यानंतर, सहकाऱ्यांच्या हातांनी प्रयोग करत. त्यांना पूर्वीचा हात परत मिळाला नाही, पण काम त्यांचंच राहिलं. मला 'बरं होणं' या शब्दाचा अर्थ तिथे सापडतो. सगळं एकट्यानं करता येणं म्हणजे बरं होणं नव्हे. कुठल्या कामाला दुसऱ्याचा हात घ्यायचा आणि कुठलं काम स्वतःचं म्हणून राखायचं, हे पुन्हा आपलं आपण ठरवता येणं, म्हणजे बरं होणं.

दिवाळीला भाऊ आला, तेव्हा आई म्हणाली, "आज मी वाढते." मी खुर्ची पुढे केली, तिनं ती नको म्हटली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. चटणीची वाटी डाव्या हातात, चमचा उजव्या हातात. वाटी कलत होती. भावाचा हात आपोआप पुढे आला, तो मी धरून ठेवला. आईनं ताट डोळ्यांनी चाचपलं, उजवीकडून सुरुवात करून हळूहळू डावीकडे आली. बराच वेळ लागला. थोडी चटणी ओट्यावर सांडली. बाकीची ताटात, डावीकडे, तिच्या जागी पडली.