कायमचा पत्ता

बँकेच्या कुठल्याही फॉर्मवर दोन रकाने असतात. 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता'. दुसऱ्या रकान्यात बहुतेक लोक 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होतात. देह नश्वर, भाड्याचं घर तर देहाहून नश्वर, पण 'कायमचा' हा शब्द वाचून कुणाचा हात थबकल्याचं मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. अपवाद फक्त आमच्या नानांचा.

नाना म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहणारे. मंत्रालयातून निवृत्त झालेले. मध्यंतरी केवायसीचे कागद घेऊन माझ्या काउंटरवर आले. त्या कागदांत एक स्वयंघोषणापत्र असतं. भारताखेरीज अन्य कुठल्या देशाचे तुम्ही करासाठी रहिवासी आहात काय, असं त्यात विचारलेलं असतं. डोंबिवलीकर हा प्रश्न न वाचताच 'नाही'वर खूण करतो. नाना मात्र पेन हवेत धरून उभे. मागे रांग.

"काय लिहू रे?"

"नाना, तुम्ही राहता कुठं?"

"तुझ्या डोक्यावर."

"मग 'नाही' लिहा."

"पण तिकडं 'होय' लिहून दिलंय!"

नानांचा मुलगा न्यू जर्सीत. तो तिथला नागरिक झाल्यावर त्यानं आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड काढलं. आमच्या साहेबांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की ग्रीन कार्डवाल्यानं त्या प्रश्नाला 'होय'च लिहायचं असतं, कारण अमेरिका त्याच्या साऱ्या जगातल्या उत्पन्नाचा हिशेब मागते. म्हणजे डोंबिवलीतल्या मुदतठेवीचं व्याजसुद्धा तिकडच्या कागदावर जातं. मी पडलो बी.कॉम. मला डेबिट आणि क्रेडिट कळतं. एकच माणूस दोन्ही बाजूंना कसा, ते नानांकडून समजून घ्यायला मी संध्याकाळी वरच्या मजल्यावर गेलो.

नानांनी कपाटातून कार्ड काढून दाखवलं. दहा वर्षांच्या मुदतीचं. कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं 'कायमचा रहिवासी'. कायमचा, तोही दहा वर्षांपुरता! (या कार्डाचा रंग मधली कित्येक वर्षं हिरवा नव्हताच. २०१० साली ते पुन्हा हिरवं केलं. तोपर्यंत जग त्याला ग्रीन कार्डच म्हणत होतं. आमच्याकडे 'पिवळं' रेशनकार्ड निदान पिवळं असतं.)

हे कार्ड जिवंत ठेवणं ही एक विद्याच आहे. आपल्या मंडळींत समज असा की सहा महिन्यांतून एकदा तिकडच्या भूमीला पाय लावून आलं की झालं. पंढरीची वारीच ती; इथं आषाढी-कार्तिकी, तिथं मे आणि नोव्हेंबर. नानांनी सगळं वाचून काढलेलं. एकशेऐंशी दिवसांहून अधिक बाहेर राहिलात की चौकशी वाढते. वर्ष उलटलं की नुसतं कार्ड परतीला पुरत नाही. दोन वर्षांपर्यंतचा एक परवाना मिळतो, पण त्याचा अर्ज करताना तुम्ही तिथं हजर पाहिजे. म्हणजे छत्री आणायला पावसातूनच जायचं! आणि हे सगळं पाळलं तरी खरी परीक्षा वेगळीच. तुमचं बाहेर राहणं तात्पुरतं आहे की नाही, तुमच्या मनात काय आहे, ते तपासतात.

"विमानतळावरचा तो साहेब पासपोर्टवर शिक्का मारून म्हणाला, 'वेलकम होम'," नाना सांगत होते. "मी 'थँक्यू' म्हटलं. आणि हँडबॅगेत इथल्या दाराच्या किल्ल्या खुळखुळत होत्या. तू सांग, हे खोटं बोलणं झालं की नाही?"

आयुष्यात एकदाही प्रवासभत्त्याचं खोटं बिल न लावलेला हा माणूस. मी आपलं बँकेतलं शहाणपण काढलं. आमच्याकडे दोन वर्षं ग्राहकानं स्वतः व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. बँकेनं व्याज जमा केलं तर ते धरत नाहीत. माणसानं स्वतः काहीतरी करावं लागतं. आणि दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. एक आजी दरवर्षी येऊन शंभर रुपये भरून जातात. त्या खात्यातून त्यांनी कधी पैसा काढलेला नाही. पहिली नोंद आहे वडिलांनी भरलेल्या अकरा रुपयांची. "हे माझं माहेर आहे हो, बंद पडता कामा नये," असं त्या मला म्हणाल्या होत्या. आता त्या आजी खोटं बोलतात का?

"आजींना कुणी विचारतं का, तुम्ही या पासबुकात राहता का म्हणून?" नाना म्हणाले. मी गप्प.

मग त्यांनी दुसरी बोच सांगितली. मुलाचा एक मित्र तिकडं नोकरी करतो, कर भरतो, आणि याच कार्डासाठी वर्षानुवर्षं रांगेत उभा आहे. भारतात जन्मलेल्यांची नोकरीच्या वाटेची रांग भलतीच लांब. नागरिकाच्या आईवडिलांना त्या रांगेत उभं राहावंच लागत नाही, त्यांची संख्या कोट्यात धरत नाहीत. तेव्हा नानांमुळे त्याचा नंबर मागे जात नाही, हे कायद्यानं खरं. पण काउंटरच्या आत बसणारा माणूस म्हणून सांगतो, हे रांगेतल्याला पटवून दाखवा!

घरी येऊन मी अंथरुणावर पडलो आणि झोप लागेना. कारण माझंही एक ग्रीन कार्ड आहे. ते मालवणजवळच्या गावात कुलूप लावून ठेवलंय. दरवर्षी गणपतीत चार दिवस जाऊन मी ते कुलूप उघडतो, जाळी झाडतो, घरपट्टी भरतो. शेजारच्या काकी प्रत्येक वेळी तेच दोन प्रश्न विचारतात, "कधी इलंस? किती दिस रवतलंस?" विमानतळावरच्या साहेबाला कुणी शिकवलं असेल तर त्यांनीच. आणि मी तिथं बिनदिक्कत सांगतो, "रिटायर झालो की कायमचाच येतलंय." असं मी लग्न झाल्यापासून सांगतोय. आमची ही तेव्हा उगाचच विहिरीकडं बघत राहते.

दुसऱ्या दिवशी नानांनी खरी गोष्ट सांगितली. माईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. त्यांना एवढा प्रवास झेपणार नाही. वर्ष भरत आलेलं. मुलगा म्हणतो, तुम्ही एकटे पंधरा दिवस येऊन जा. आईजवळ बाई ठेवू. निदान तुमचं कार्ड तरी वाचेल. मुलगा वाईट नाही. पुढचा विचार करतो.

"पुढचा म्हणजे कसला, ते कळलं ना तुला?" नानांनी आवाज खाली आणला. आत माई झोपल्या होत्या. "तिकडच्या एका अपील कोर्टानं १९८६ साली सांगितलंय, तात्पुरतं राहणं म्हणजे काय ते. बाहेरचा मुक्काम थोड्या दिवसांत घडू शकेल अशा एखाद्या घटनेनं संपणारा असला, तर तो तात्पुरता. आता माझा इथला मुक्काम कुठल्या घटनेनं संपणार? त्या साहेबानं विचारलं तर मी काय सांगू? कशाची वाट बघतोय म्हणून सांगू?"

मी चहाच्या कपात बघत बसलो. आमच्या बँकेत प्रत्येक गोष्टीला फॉर्म आहे. याला नव्हता.

पण अमेरिकेकडे होता! कार्ड आपणहून परत करण्याचा फॉर्म, आय-४०७. तो भरायला फी नाही. आत शिरण्याच्या कागदांना मुलानं डॉलर मोजले होते, बाहेर पडायचं फुकट. नाना म्हणाले, हे मात्र अगदी जिमखान्यासारखं.

रविवारी आम्ही तिघं तो फॉर्म घेऊन बसलो. 'सोडण्याचे कारण' पाशी गाडी अडली. नानांनी आधी पेन्सिलीनं लिहिलं, 'पत्नीच्या आजारपणामुळे'. माईंनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, वाचला.

"माझ्यावर कशाला ढकलताय?" माई म्हणाल्या. "तिकडं थंडीत तुम्हालाच करमत नव्हतं. ते लिहा."

"अगं, पण खरं कारण..."

"थंडीसुद्धा खरीच होती."

नाना थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "खोडरबर आहे का रे?"

होतं. बँकेत आम्हाला काहीच खोडायची परवानगी नसते, त्यामुळं अगदी कोरं करकरीत होतं.