दानाचे भांडवल

महाराष्ट्रात दानाची वाण कधीच नव्हती. पंढरीच्या वाटेवरील अन्नछत्रांपासून देवस्थानांच्या इनामांपर्यंत, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांनी उभारलेल्या रुग्णालयांपासून खेड्यातल्या शाळेसाठी घरोघर काढून ठेवलेल्या मूठभर धान्यापर्यंत, देणाऱ्या हाताची परंपरा या प्रांतात अखंड चालत आलेली आहे. ज्या गोष्टीचा विचार मात्र आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने झालेला नाही ती ही की, धर्मादाय म्हणून बाजूस काढल्या जाणाऱ्या या द्रव्याचा काही अंश राज्याच्या उत्पादनशक्तीत घालता येईल काय, आणि घालावयाचा तर तो कोणत्या नियमाने, कोणाच्या देखरेखीखाली व कोणत्या कामी. भुकेल्याला अन्न आणि रोग्याला औषध ही देणी आद्य होत. त्यांतून एक पैसाही कमी करावा असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न त्या द्रव्याविषयी आहे, जे हे सर्व खर्च भागल्यावरही शिल्लक राहते आणि मुदतबंद ठेवीच्या रूपाने वर्षानुवर्षे बँकेत पडून असते.

भांडवलाला स्वभावतःच परताव्याची घाई असते. सावकाराला व्याज हवे असते, बँकेला तारण हवे असते, भागधारकाला लाभांश हवा असतो. आणि सरकारी खजिना या सर्वांहून धीराचा असावा अशी अपेक्षा असली तरी त्यालाही मार्चअखेरीचा हिशेब आणि पाच वर्षांनी येणारी निवडणूक यांच्या मर्यादेतच चालावे लागते. ज्या कामाचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसावयाचे, ज्यात पहिली काही वर्षे नुकसान ठरलेलेच आहे, आणि जे शिकल्यावाचून येत नाही पण शिकताना पैसा बुडतो, अशा कामासाठी थांबू शकणारे धन लागते. ज्याने देतानाच लाभाची आशा सोडलेली आहे त्याच्याखेरीज असे धन दुसऱ्या कोणापाशी असणार?

हा विचार आपल्याला परका नाही. १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. सुभेदाराने गावोगाव हिंडावे, कुळे गोळा करावीत, ज्याला शेत करण्याची कुवत आहे पण बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसा द्यावा, पोटाला धान्य द्यावे, आणि ते वसूल करताना वाढीदिढी न लावता केवळ मुद्दल, तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू घ्यावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. आणि यासाठी त्या काळच्या लारी नाण्यांत दोन लाखांपर्यंत खर्च झाला तरी तो मान्य असल्याचे सुभेदाराला कळविलेले आहे. हा दानधर्म नव्हता, राज्याचा कारभार होता. परंतु व्याज सोडून दिल्याने पडीक जमीन लागवडीस येते आणि लागवडीने राज्याचा वसूल वाढतो, हा त्यामागचा हिशेब इतका स्वच्छ आहे की, भांडवलाच्या धीराविषयी पुढे जे कोणी काही लिहील त्याने या पत्रापासून आरंभ करावा.

लोकांनी स्वतः उभारलेल्या भांडवलाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीचे आहे. अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी एक पैसा मागून त्यातून देशी उद्योग काढण्याची कल्पना मांडली. लोकमान्य टिळकांनी तिच्यामागे आपले वजन उभे केले. आणि पैसा फंड या नावाने जमलेल्या त्या द्रव्यातून १९०८ मध्ये, ज्या वर्षी टिळकांना मंडालेस पाठविण्यात आले त्याच वर्षी, तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. काचच का निवडली असावी, हे विचार करण्यासारखे आहे. बांगड्या, चिमण्या, बाटल्या यांसाठी देशाचा पैसा परदेशी जात होता हे एक कारण झाले. पण याहून मोठी अडचण अशी की, भट्टीचे तापमान, वाळूची पारख, फुंकनळीवरचा हात, ही विद्या पुस्तकातून मिळणारी नव्हती. जो कोणी ती प्रथम शिकणार त्याच्या हातून शेकडो नग फुटणार, भट्ट्या विझणार, आणि हा सारा शिक्षणाचा खर्च कोणीतरी सोसावा लागणार. परदेशी जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय या कामी लाभले आणि कारखान्याबरोबर तेथे एक शाळाही उभी राहिली.

आता या व्यवहाराचे मर्म पाहा. खाजगी मालकाने खर्च करून एखादा कारागीर तयार केला आणि तो दुसऱ्याच्या भट्टीवर निघून गेला, तर मालकाचे नुकसान होते. म्हणून मालक शिकवावयास कचरतो, आणि सर्वच मालक कचरले म्हणजे सबंध प्रांतात ती विद्या रुजत नाही. पैसा फंडाचे गणित याच्या नेमके उलट होते. तळेगावहून शिकून गेलेला माणूस जितका दूर जाई आणि जितक्या नव्या भट्ट्या पेटवी, तितका फंडाचा हेतू अधिक सफल होई. खुद्द वार्ष्णेयांनी पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे काचेचा कारखाना चालविला. एक पैसा देणाऱ्या माणसाने लाभांश मागितलेलाच नव्हता, म्हणून त्याला या गळतीचे भय नव्हते. ज्या खर्चाचा लाभ सर्वांना होतो आणि कोणा एकाच्या खात्यात जमा होत नाही, तो खर्च बाजार करीत नाही, हे अर्थशास्त्राला चांगले ठाऊक आहे. तळेगावने तो वर्गणीतून केला. एकट्या कारखान्याच्या नफा-तोट्यावरून या प्रयोगाचे मूल्य ठरविणारे त्याचे निम्मे उत्पन्न जमेस धरीतच नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच सुमारास, १९१० मध्ये, औंधच्या पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळरानावर जागा दिली, पैशाचे साहाय्य केले, आणि त्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखानदाराची बेळगावातील जागा गेलेली, लोखंडी नांगराविषयी शेतकऱ्याचे मन अजून साशंक, अशा वेळी कोणत्याही पेढीने हे तारण पुरेसे मानले नसते. संस्थानिकाने ते मानले. पुढे किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांची काच विकत फिरलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि घरोघरच्या मुष्टिफंडावर मुले शिकविली. उद्योगासाठी दिलेले धन आणि शाळेसाठी दिलेले धान्य हे दोन स्वतंत्र पुण्यप्रकार आहेत असे जे मानतात, त्यांनी या एका माणसाच्या आयुष्यात ते कसे एकत्र आले हे पाहावे.

जुने दान नव्या कामी वळविण्याचा दाखलाही आपल्याकडे आहे, आणि तो पुण्याचाच आहे. पेशवे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटीत, ती राज्य गेल्यावरही कंपनी सरकारने कमी प्रमाणात चालू ठेवली होती. १८४९ च्या सुमारास पुण्यातील सुधारकांनी, ज्यांत लोकहितवादी अग्रभागी होते, त्या रकमेचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावा असा अर्ज केला. त्यावरून शहरात मोठा क्षोभ झाला. तरीही पुढे त्याच निधीतून ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली आणि महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. त्या फेलोंपैकी एक महादेव गोविंद रानडे होते. पेशव्यांच्या रमण्यात, म्हणजे श्रावणातल्या त्या दक्षिणावाटपात, दिल्या जाणाऱ्या द्रव्याच्या एका अंशावर तो तरुण शिकला, ज्याने पुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्याची आणि औद्योगिक मागासलेपणाची मीमांसा केली, १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरविण्यात पुढाकार घेतला, आणि देशातला पैसा पतपुरवठ्याच्या व्यवस्थेअभावी कसा निष्क्रिय राहतो हे दाखवून दिले. दक्षिणेच्या या रूपांतराहून अधिक फलदायी गुंतवणूक मला आपल्या प्रांताच्या इतिहासात क्वचितच दिसते.

परंतु दान दिले म्हणजे उत्पादन आपोआप होते असे नाही. १९५१ मध्ये पोचमपल्लीस सुरू झालेल्या भूदानयज्ञात विनोबांच्या शब्दाखातर लाखो एकर जमीन लोकांनी दिली. त्या यज्ञाच्या नैतिक उंचीपुढे मी आजही नतमस्तक आहे. तरीही त्यातली बरीच जमीन खडकाळ होती, बरीच कज्जेदलालीत अडकली, आणि जी भूमिहीनाच्या हाती पडली तिच्याबरोबर बैल, बियाणे आणि विहीर ही क्वचितच आली. रामाजी अनंतांना जे आधी सांगितले गेले होते, ते येथे मागे राहिले: कुळाला जमीन देणे पुरेसे नसते, पहिल्या पिकापर्यंत त्याला उभे ठेवणारे खेळते भांडवल लागते.

आजची स्थिती काय आहे? मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याच्या ३५ व्या कलमाने विश्वस्तांना शिलकी पैसा बँका, टपालखात्याची बचत, सरकारी रोखे यांसारख्या सुरक्षित जागी ठेवण्याचे बंधन घातले आहे. आयकराचा कायदाही त्याच धोरणाचा आहे. विश्वस्तांच्या हातून परक्याचे धन बुडू नये या हेतूने घातलेले हे कुंपण योग्यच होय. पण त्याचा परिणाम असा की, विदर्भातल्या अगर मराठवाड्यातल्या देवस्थानाच्या पेटीत त्याच भागातल्या शेतकऱ्याने टाकलेले नाणे ठेवीच्या रूपाने बँकेत जाते, आणि बँक ते जेथे तारण भक्कम तेथे, म्हणजे बहुधा मोठ्या शहरात, कर्जाऊ देते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसाही, २०१३ च्या कायद्याने सरासरी नफ्याच्या दोन टक्के ठरलेला, कारखान्याच्या आसपासच्या क्षेत्राला प्राधान्य देतो; जेथे कारखानाच नाही तेथे तो कशाने पोचावा? त्याच ३५ व्या कलमात मात्र धर्मादाय आयुक्ताला सर्वसाधारण अगर विशेष हुकमाने अन्य रीतीच्या गुंतवणुकीस परवानगी देण्याचा अधिकार ठेवलेला आहे. म्हणजे दार आहे. त्यातून कोण, कोणत्या शर्तींवर जाणार, एवढाच प्रश्न उरतो.

२०१८ मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी राज्य सरकारला ५०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज देण्याचे ठरविले, तेव्हा भाविकांचा पैसा कालव्यात का, म्हणून मोठा वाद झाला. १९७० मध्ये मंजूर झालेल्या त्या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण २०२३ मध्ये झाले. मधल्या अर्धशतकात अकोले, संगमनेर, राहात्याच्या कोरडवाहू गावांतून किती माणसे पोटासाठी बाहेर गेली असतील याचा विचार केला की, पाणी हे धर्मकार्य नव्हे असे म्हणण्यास जीभ रेटत नाही. तरी आक्षेप घेणाऱ्यांच्या म्हणण्यातला एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. कालवा बांधणे हे कर घेणाऱ्या सरकारचे कर्तव्य आहे. ते त्याने पन्नास वर्षे टाळावे आणि अखेरीस देवाच्या दानपेटीकडे पाहावे, हा पायंडा पडला तर दान हा दुसरा कर होऊन बसेल. धर्मादाय भांडवलाने खजिन्याची जागा घेऊ नये. जेथे खजिना नियमाने जाऊ शकत नाही आणि सावकार भीतीने जात नाही, ती मधली जागा त्याची.

अशी जागा कोठे आहे, हे शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे पाहिले की कळते. २००२ च्या दुरुस्तीने कायद्यात त्यांना स्थान मिळाले, गावोगाव त्या नोंदल्याही गेल्या. पण तूर पिकविणाऱ्या शंभर-दोनशे कुटुंबांची कंपनी डाळमिलसाठी, गोदामासाठी किंवा जिनिंगसाठी कर्ज मागावयास गेली की तारण काय, या पहिल्याच प्रश्नापाशी अडते. येथे एक कोटी रुपये देणगी म्हणून वाटले तर एखादी गिरणी उभी राहील आणि विषय संपेल. तेच एक कोटी हमी म्हणून बँकेत ठेवले आणि कर्जापैकी पहिल्या दहा टक्के नुकसानीची जबाबदारी त्या निधीने पत्करली, तर दहा कोटींच्या कर्जाला ते पुरतात. कर्ज फिटले की हमी मोकळी होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते. आणि बुडालेच तर देणाऱ्याने जे आधीच सोडून दिले होते तेवढेच बुडते. जुन्या देवस्थानांच्या शिलकीला मी या जोखमीत एकदम ओढणार नाही, कारण ती देताना भाविकाचा संकल्प निराळा होता. तिचा उपयोग फार तर मुद्दल सुरक्षित राखून, अल्प व्याजाने, धर्मादाय आयुक्ताच्या लेखी परवानगीने व्हावा. जोखमीचा निधी नव्याने मागावा, पैसा फंडाप्रमाणे हेतू उघड सांगून मागावा, आणि मुंबई-पुण्यात स्थिरावलेल्या, परदेशी गेलेल्या, पण गावाचे नाव अजून अभिमानाने सांगणाऱ्या माणसांकडे मागावा. ते मंदिराच्या जीर्णोद्धाराला देतात. हेतू समोर नीट मांडला तर डाळमिलच्या हमीलाही देतील असा माझा विश्वास आहे.

भय एकच मोठे आहे, आणि ते पैशाच्या टंचाईचे नाही. ज्या निधीला परतावा मागणारा मालक नाही, त्याचा कारभार मर्जीतल्या माणसांच्या हाती जावयास वेळ लागत नाही. पतसंस्थांत ठेवी बुडालेल्या कुटुंबांनी हे सोसलेले आहे. म्हणून लाभाची आशा सोडणाऱ्याने हिशेबाचा हक्क सोडता कामा नये. उलट सावकारापेक्षा त्याने तो अधिक कठोरपणे बजावला पाहिजे. कर्ज कोणाला दिले, कोणत्या कारणाने नाकारले, किती परत आले, किती बुडाले, हे वर्षातून एकदा त्या गावच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावे. कर्ज मंजूर करणाऱ्यांत निवडणूक लढविणारा कोणी नसावा. आणि लेखातपासणीस जिल्ह्याबाहेरचा असावा. आरंभ सबंध राज्यात करण्याचे कारण नाही. यवतमाळचा एक कापसाचा तालुका, बीडमधला एक ऊसतोडीला जाणारा तालुका, आणि प्रत्येकी दहा वर्षांची मुदत एवढे पुरे. त्या मुदतीत निधीचा निम्मा भाग बुडाला तरी चालेल, परंतु पोटासाठी गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली गेली पाहिजे, कारण ती संख्या घटली की नाही यावरच पुढच्या तालुक्यासाठी कोणाकडे काय मागावयाचे ते ठरणार आहे.