मल्खाचा कान

सणाच्या जत्रेत फुगे फोडण्याचे दुकान हटकून असते. फळीवर रंगीबेरंगी फुग्यांच्या रांगा, समोर छऱ्याची बंदूक खांद्याला लावून उभा असलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा आणि पाठीमागे कौतुकाने पाहणारे त्याचे वडील. फुगा फुटला की दुकानदार निमूटपणे त्या जागी दुसरा फुगा लावतो व पुढचा मुलगा बंदूक उचलतो. या खेळात कुणाला काही वावगे वाटत नाही. आम्हालाही कधी वाटले नाही. आमच्या पिढीने दिवाळीत टिकल्यांची पिस्तुले उडविली, नाताळच्या सुट्टीत वाडीत चोर-पोलीस खेळताना तोंडाने गोळ्या झाडल्या, आणि मेलेला गडी दहा आकडे मोजून पुन्हा उठून धावू लागला. तथापि अलीकडे त्या फळीसमोर उभे राहिलो की एक प्रश्न मनात येतो. फुटलेल्या फुग्याच्या जागी लगेच नवा फुगा लावण्याची ही सोय आपण नकळत माणसांच्या बाबतीतही गृहीत धरू लागलो आहोत काय?

प्रथम साध्या खोटेपणाचा हिशोब मांडू. पडद्यावरील नायकाची बंदूक सहसा रिकामी होत नाही. प्रत्यक्षात कलाश्निकोव्ह जातीच्या रायफलीच्या एका मॅगझिनमध्ये साधारण ३० गोळ्या मावतात आणि मिनिटाला सुमारे ६०० या वेगाने त्या सुटल्या तर मॅगझिन ३ सेकंदांत संपते. पडद्यावर गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडतो. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम आठवला तर कळते, की गोळीत एवढा रेटा असता तर ती झाडणाराही तसाच मागे फेकला गेला असता. सायलेन्सर लावलेले पिस्तूल चित्रपटात कुजबुजल्यासारखे वाजते. खऱ्या बंदुकीचा आवाज १५० डेसिबलच्या आसपास असतो. सायलेन्सर त्यातील २० ते ३५ डेसिबल कमी करतो, आणि उरतो तोही दचकविणाराच असतो. नायकाच्या खांद्याला गोळी लागली तर तो रुमाल बांधून पुढच्या मारामारीस सिद्ध होतो. पण खांद्यातून हाताला रक्त पुरविणारी मोठी रोहिणी आणि हात हलविणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे जाते. तेथे लागलेल्या गोळीने माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. वाचला तरी हात जन्मभर लुळा राहू शकतो. मोबाईलवरील खेळांत तर जखमी गडी औषधाची पेटी वापरून काही सेकंदांत ठणठणीत होतो आणि मेलेला पुढच्या डावाला पुन्हा हजर असतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, व तो हलका नाही. गोष्ट ही गोष्टच असते. महाभारतात बाणांनी आकाश झाकोळते; आपल्या जुन्या करारात शमशोन गाढवाच्या जाभाडाने हजार माणसे लोळवितो. ते ऐकून कुणी बिघडला नाही. मग चित्रपटाकडूनच गोळ्यांचा चोख हिशोब का मागावा? शिवाय वास्तवाचा आग्रह धरला तर पडद्यावर अधिक रक्त, अधिक किंकाळ्या येतील. ते मुलांच्या डोळ्यांना बरे काय?

हा आक्षेप आम्हाला अर्धा मान्य आहे, आणि त्यामुळेच आपल्याला नेमके काय खुपते हे शोधावे लागते. 'शोले' हा १९७५ सालचा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. त्यातील कित्येक चकमकी शस्त्रविद्येच्या दृष्टीने अशक्यप्राय आहेत. परंतु त्याच चित्रपटात पांढऱ्या वस्त्रातील एक तरुण विधवा रोज संध्याकाळी वाड्याचे दिवे एकेक करून मालविते. गब्बरसिंगाने झाडलेल्या गोळ्यांचा परिणाम त्या दिव्यांपाशी आपल्याला दिसतो. गोळी सुटून वर्षे लोटली, तरी कथा त्या घराकडे परत वळते. याउलट आजच्या संगणकीय खेळांत बंदुकीचा घोडा, नळी, दुर्बीण, गोळीची गती हे सारे इतक्या बारकाईने रेखाटलेले असते, की जाणकारालाही दोष काढता येऊ नये. तेथे बंदूक अगदी खरी असते. खोटा असतो तो तिच्यासमोरचा माणूस. त्याला आई नाही, नाव नाही, उद्याचा दिवस नाही. सबब चूक तंत्राची असो वा नसो, आमची तक्रार वेगळी आहे. गोळीची किंमत दडविणे हा यातला खरा असत्याचा भाग आहे, आणि ते दडविण्यासाठी रक्त वाढवावे लागत नाही, तसे ते उघड करण्यासाठीही वाढवावे लागत नाही. दिवे मालविणारी एक स्त्री पुरते.

ही किंमत काय असते हे आपल्या वसई-विरारकरांना कुणी सांगावयास नको. ऑक्टोबर १९८९ मध्ये नालासोपारा स्थानकाच्या फलाटावर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्या प्रकरणाचा खटला टाडा कायद्याखाली दीर्घकाळ रेंगाळला. चित्रपटात हा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा झाला असता. प्रत्यक्षात त्या काळात येथील माणसे दबक्या आवाजात बोलू लागली होती. जमिनीच्या व्यवहाराचा विषय निघाला की घरातील वडीलधारी मंडळी मुलांना बाहेर पाठवीत. भय ही गोळीची खरी व्याप्ती असते, आणि ती ज्याला गोळी लागते त्याच्या पलीकडे कित्येक मैल जाते. त्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ नि:शस्त्रपणे चालविली, हेही विसरता कामा नये.

दुसरी घटना ताजी आहे. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईकडे येणाऱ्या एक्स्प्रेस गाडीत, पालघर ओलांडल्यानंतरच्या प्रवासात, चार माणसे गोळ्यांनी मरण पावली. एक रेल्वे सुरक्षा दलाचा अधिकारी होता, तिघे प्रवासी होते. त्याच दलाच्या एका कॉन्स्टेबलवर सरकारी रायफलीने ही हत्या केल्याचा आरोप ठेवून खटला भरण्यात आला. विरार, नालासोपारा, वसई रोड या आपल्या रोजच्या स्थानकांतून ते रूळ जातात. पहाटेच्या गाडीला घाईघाईने डबा घेऊन निघालेल्या आपल्या माणसांनी ती बातमी त्याच रुळांवर, मोबाईलमध्ये वाचली. मरण पावलेल्या प्रवाशांच्या हाती शस्त्र नव्हते, पार्श्वसंगीत नव्हते, कुणी नायक दारातून आत येणार नव्हता. प्रवास संपता संपता काही कुटुंबांचे कर्ते पुरुष नाहीसे झाले, एवढेच घडले.

ज्या गोळीने माणूस मरत नाही तिचीही कथा पाहू. १३ मे १९८१ रोजी रोममधील संत पेत्राच्या चौकात पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांच्यावरील शस्त्रक्रिया पाच तासांहून अधिक चालली. जूनमध्ये घरी परतल्यावर संसर्गामुळे त्यांना पुन्हा इस्पितळात जावे लागले, ऑगस्टमध्ये आणखी एक शस्त्रक्रिया झाली, आणि त्या महिन्याच्या मध्यावर ते खऱ्या अर्थाने बाहेर आले. जगातील उत्तमोत्तम वैद्य हाताशी असताना एका धडधाकट माणसाला तीन महिने लागले. पडद्यावरचा रुमाल येथे आठवून पाहावा. पुढे २७ डिसेंबर १९८३ रोजी ते आपल्या मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन भेटले, त्याच्याशेजारी बसून बोलले. त्यांच्या देहाला लागलेल्या गोळ्यांपैकी एक गोळी आज फातिमामातेच्या मुकुटात बसविलेली आहे. फातिमामातेपुढे हात जोडणाऱ्या आपल्या आया-बहिणींपैकी कितीजणींना हे ठाऊक असेल? तो मुकुट आपल्याला गोळी विसरू देत नाही आणि सूडाकडेही नेत नाही.

येथे एका अतिशयोक्तीपासून आम्ही स्वतःला सावरू इच्छितो. खेळ खेळणारा मुलगा उद्या खुनी होतो असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली स्पष्ट केले, की हिंसक खेळ आणि प्रत्यक्ष हिंसाचार यांचा कार्यकारणसंबंध जोडण्यास पुरेसा पुरावा नाही. आक्रमक वर्तनाशी लहानसा संबंध मात्र आढळतो. मुलांवर सरसकट संशय घेणे हा अन्यायच होईल. आमची चिंता खेळणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याविषयी, म्हणजे आपणा मोठ्यांविषयी अधिक आहे. वर्षानुवर्षे किंमत नसलेल्या गोळ्या पाहिल्यावर खऱ्या गोळीची बातमी वाचताना आपल्या मनात प्रथम काय उमटते?

पोलीस चकमकीची बातमी घ्यावी. चित्रपटातील चकमकफेम अधिकाऱ्याची गोळी चुकत नाही आणि ज्याला लागते तो निःसंशय दोषीच असतो, कारण प्रेक्षकांनी त्याची दुष्कृत्ये आधीच डोळ्यांनी पाहिलेली असतात. प्रत्यक्षात असा प्रेक्षक कुणीच नसतो. म्हणून तर न्यायालये असतात. २००६ साली वर्सोवा येथे झाल्याचे सांगितल्या गेलेल्या एका चकमकीबाबत मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरविले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतील प्रत्येक मृत्यूच्या चौकशीसाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. तरीही अशी बातमी आली की चहाच्या टपरीवर, क्वचित मिस्सानंतर चर्चच्या आवारातही, 'बरे झाले' असा उद्गार ऐकू येतो. तो उद्गार कधी आमच्याही ओठांवर आला आहे, हे कबूल केले पाहिजे. आमच्या मते पडद्याने केलेली खरी हानी ती हीच.

शौर्याची कल्पनाही अशीच विकृत होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याच्या रायफलीची नळी आपल्या हातांनी धरून ठेवली. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती, होती ती लाठी. गोळ्या त्यांच्या देहात शिरल्या, सहकारी बचावले, अतिरेकी जिवंत हाती लागला, आणि पुढे त्याच्यावर रीतसर खटला चालला. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून सूचना देऊन कित्येक प्रवाशांना सुरक्षित वाटेने बाहेर काढले. त्यांचे शस्त्र म्हणजे त्यांचा आवाज. आपल्या मुलांना शूर माणसाचे चित्र काढावयास सांगितले तर किती मुले ध्वनिक्षेपकासमोर बसलेला माणूस काढतील?

ख्रिस्तसभेने चित्रपटाला शत्रू मानलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये संपर्कमाध्यमांविषयीचा आदेश प्रसृत केला. त्यातील आशय असा, की दुष्टाव्याचे चित्रण मानवाची अधिक सखोल ओळख करून देऊ शकते. मात्र ते नैतिकतेच्या मर्यादेत राहिले पाहिजे. म्हणजे प्रश्न बंदूक दाखवावी की नाही हा नाही. ती दाखविल्यावर माणसाची ओळख वाढली की कमी झाली, हा आहे. देशाच्या व निरपराधांच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगणाऱ्यांचा अवमान करण्याचाही येथे हेतू नाही. त्यांच्यापैकी ज्यांना खरोखर गोळी झाडावी लागली, ते तिच्याविषयी फारसे बोलत नाहीत असा आमचा अनुभव आहे. त्यांचे हे मौन पडद्यावरील गोंगाटापेक्षा आम्हाला अधिक विश्वासार्ह वाटते.

मग घरात करावे काय? मोबाईल हिसकावून घेणे सोपे असते, परंतु त्याने प्रश्न दुसऱ्या खोलीत जातो. कधीतरी मुलाशेजारी बसून त्याचा खेळ पाहावा, एखादा चित्रपट एकत्र पाहावा, आणि गोळी लागून माणूस पडला की रागावल्याविना एवढेच विचारावे, 'नंतर काय झाले असेल रे?' त्याच्या घरी निरोप कोणी नेला असेल? ज्याने झाडली त्याला रात्री झोप लागली असेल काय? मूल हसेल, कंटाळेल. पण प्रश्न ऐकेल. रात्रीच्या रोझरीत वर्तमानपत्रातील एखाद्या मृताचे आणि त्याला मारणाऱ्याचेही स्मरण करावे. दोघांसाठी एका दमात प्रार्थना करणे किती अवघड असते, हे त्यानिमित्ताने आपल्यालाही कळेल.

गेथशेमाने बागेत अंधार होता, मशाली होत्या, शस्त्रधारी जमाव होता. पेत्राने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा उजवा कान कापला. आजच्या एखाद्या दिग्दर्शकाने कॅमेरा पेत्राच्या चेहऱ्यावर ठेवला असता, कारण नायक तोच होता. शुभवर्तमान मात्र त्या दासाकडे वळते. योहान त्याचे नाव नोंदवितो, मल्ख. आणि लूक सांगतो, की स्वतःच्या अटकेच्या त्या घाईगर्दीतही येशूने त्याच्या कानाला स्पर्श करून त्याला बरे केले. विरोधी पक्षातील एका नोकराची जखम, तीही कानाची, आणि देवपुत्राला त्या रात्री तिच्यासाठी वेळ होता.

पुढच्या जत्रेत फुग्यांचे ते दुकान असेलच, आणि आपली मुले तेथे उभी राहतील. राहोत. फक्त घरी परतताना वाटेत त्यांना मल्खाची गोष्ट सांगण्यास आपण विसरू नये.